अनुभवाच्या रकान्यात ‘शून्य’ लिहू नको

घाटंजी तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. ती लिहिते:

“ताई, मी बी.कॉम. झाली. एमएस-सीआयटी केलं, टॅलीचा क्लास केला. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. सहा महिन्यांत तीन ठिकाणी जाऊन आली: पतपेढी, खताचं दुकान, कापसाची जिनिंग. तिन्हीकडं एकच विचारलं, अनुभव किती? मी फॉर्मवर शून्य लिहिलं. बाबा परवा बोलून गेले, ‘घरीच बसाचं होतं त कायले शिकली?’ चार वर्षांपासून आईच्या बचत गटाचं रजिस्टर लिहिते (११ बाया, महिन्याचे १०० रुपये) अन् गावातल्या लोकांची ई-पीक पाहणी (शेतातल्या पिकाची सरकारी नोंद) मोबाईलवर भरून देते. बाकी काहीच नाही. आता एक जण म्हणतो, २५,००० द्या, नागपूरच्या कंपनीत लावून देतो. बाबा कापूस विकून द्यायला तयार आहेत. देऊ का?”

पोरी, आधी पैशाचं सांगते. देऊ नको. कंपनीच्या नावाचं पत्र दाखवलं तरी नाही, ‘निम्मे आत्ता, निम्मे नंतर’ म्हटलं तरी नाही. कामावर ठेवणारा पगार देतो, तो उमेदवाराकडून पैसे घेत नाही. त्या कापसावर घरचं वर्ष निघायचं आहे. बाबांना माझं हे पत्र वाचून दाखव.

आता तुझ्या ‘बाकी काहीच नाही’बद्दल. मी हिशेब मांडला. ११ बाया, १०० रुपये, ४८ महिने: नुसती बचतच ५२,८०० रुपये झाली. त्यावर अंतर्गत कर्ज, त्याचं व्याज, कुणाची परतफेड थकली, कुणी दोन हप्ते एकदम भरले, सगळं तुझ्या अक्षरात. अकरा घरांचा पैसा चार वर्षं तुझ्या वहीवर विसंबून आहे आणि तू फॉर्मवर शून्य लिहून आलीस! मला खरंच वाईट वाटलं.

‘अनुभव किती’ म्हणताना पतपेढीच्या मॅनेजरला काय जाणून घ्यायचं असतं? पैशाला हात लावू द्यावा अशी आहे का. चुकली तर सांगेल की लपवेल. रोज वेळेवर येईल की पावसाळ्यात एसटी चुकली म्हणून घरी राहील. यातल्या पहिल्या दोन्हींचं उत्तर तुझ्या रजिस्टरात आहे. तिसऱ्याचं तू आपणहून दे: सकाळची गाडी किती वाजता पोचते, परतीची शेवटची कोणती. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा महिन्याचा प्रवासखर्चही आधीच काढून ठेव. पगाराचं बोलताना तो आकडा तोंडावर असला की माणूस अडखळत नाही.

अर्जात असं लिही: ‘महिला बचत गटाचे लेखे, ४ वर्षे. ११ सदस्यांची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज व परतफेडीच्या नोंदी.’ बँकेत भरणा करायला तू जात असशील तर तेही लिही, जात नसशील तर लिहू नको. खाली ई-पीक पाहणी: किती शेतकऱ्यांची, कोणत्या हंगामात. मग गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांकडून सहीशिक्क्याचं एक पत्र घे. त्यांना शब्द सुचणार नाहीत, मजकूर तू लिही, त्यांना वाचून दाखव, पटला की सही घे. गटाला भेट देणाऱ्या ‘उमेद’च्या (बचत गटांचं काम पाहणाऱ्या सरकारी अभियानाच्या) ताई असतील तर त्यांनाही विचार, कुणी चौकशी केली तर माझ्या कामाबद्दल सांगाल का म्हणून. ओळख लागते ती अशी, कामातून झालेली.

जिनिंगला पुन्हा जा, पण दसऱ्याच्या आधी. हंगाम सुरू झाला की फाटकावर गाड्यांची रांग लागते आणि मालकाला मान वर करायला फुरसत नसते. त्याला वजनकाट्यावर पावत्या करायला, हिशेबाच्या पट्ट्या काढायला माणूस लागतोच. तू कापूसवाल्याची लेक आहेस. ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, बाराच्या वर सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) माल घेत नाही, हे तुला शिकवावं लागणार नाही. तेवढं बोलून दाखव. काम चार-पाच महिन्यांचंच असेल, तरी घे. निघताना कामाचं पत्र मागून घे, तोंडी कौतुकावर भागवू नको.

दुसरी वाट प्रशिक्षणाची. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे आणि त्यात पदवीधरांनाही विद्यावेतनावर घेतात. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, तेव्हा पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये ठरले होते. यवतमाळच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार केंद्रात जाऊन सध्या कुठं जागा आहेत ते विचार. प्रशिक्षण संपलं की कायम करतील, असं मात्र मनात धरू नको. तिथून प्रमाणपत्र आणि कामाची सवय घेऊन निघायचं.

बाबांच्या बोलण्याचा राग धरू नको. पोरगी तीन दारांतून परत आली, ते त्यांना सोसवत नाही. संध्याकाळी त्यांच्याजवळ बस आणि रजिस्टर उघडून ५२,८०० चा आकडा दाखव. त्यांनी तो कधी एकत्र पाहिलाच नसेल.

आणि पुढच्या मुलाखतीला बायांना विचारून तेच रजिस्टर पिशवीत घालून ने. अनुभव विचारला की टेबलावर ठेव.