डिझेलचा बॉयलर काढू का? हीट पंप, गीझर, सोलर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, पाचगणीत आमचं 14 खोल्यांचं लॉज आहे. गरम पाण्याला वडिलांच्या वेळचा डिझेल बॉयलर आहे, बर्नर सारखा बंद पडतो, मेकॅनिक वाईवरनं घाट चढून यायला तयार नसतो आणि वरच्या मजल्यावरचे गेस्ट डिझेलचा वास येतो म्हणून कुरकुर करतात. सीझनला रोज साधारण 2000 लिटर गरम पाणी लागतं, डिझेल जातं 22 लिटर. एक जण म्हणतो हीट पंप लावा, मेव्हणा म्हणतो प्रत्येक बाथरूमला गीझर लाव आणि मोकळा हो, शेजारचे सोलर म्हणतात. इथल्या थंडीत हीट पंप चालतो का, का नुसताच खर्च?

उत्तर : चालतो. पण तुमचा तो 22 लिटरचा आकडा वाचून मी आधी तिथंच अडकलो. हिशोब बघा, थंडीत टाकीत येणारं पाणी 15 डिग्री धरलं आणि ते 55 पर्यंत न्यायचं तर 1000 लिटरला साधारण 46-47 युनिट (वीज मोजतो तेच, किलोवॅट-तास) उष्णता लागते, म्हणजे तुमच्या 2000 लिटरला 93 च्या आसपास. एक लिटर डिझेलमध्ये उष्णता असते 10 युनिट, जुना बॉयलर त्यातली तीनेक धुराड्यातनं घालवतो, राहिली 7. म्हणजे 13-14 लिटरमध्ये काम भागायला पाहिजे. मग वरचं 8 लिटर जातंय कुठं? एकतर बॉयलर आतनं काजळीनं भरलाय, नाहीतर (आणि माझा संशय यावरच जास्त आहे) पाइप आणि टाकी रात्रभर बाहेरची हवा तापवत बसलेत.

हे तपासायला कुणाला बोलवायची गरज नाही. रात्री सगळे झोपले की बॉयलर बंद करा, गरम पाणी पाइपातनं फिरवत ठेवणारा पंप असेल तर तो चालूच राहू द्या, टाकीचं तापमान लिहून ठेवा आणि पहाटे पहिली आंघोळ व्हायच्या आत परत बघा. नळ कुणी सोडला नाही तरी आठ-दहा डिग्री उतरलं असेल तर गळती उष्णतेची आहे. मग गच्चीवर जाऊन पाइपला हात लावा. तुमच्याकडच्या पावसात आणि धुक्यात पाइपवरची ग्लासवूल भिजते, पत्रा सुटतो, आतली लोकर गोळा होऊन खाली लोंबते आणि भिजलेली लोकर असून नसल्यासारखीच. आधी ते करून घ्या, वर पाणी आत जाणार नाही असं कव्हर पाहिजे. या सगळ्यात सगळ्यात स्वस्त काम तेच आहे, पण दुकानदार ते सांगत नाही कारण त्याला त्यात काही सुटत नाही.

आता हीट पंप. फ्रीजच्या मागची जाळी गरम लागते ना, तेच काम मोठ्या प्रमाणावर, फक्त इथं आपल्याला ती गरमीच हवी असते. वीज कॉम्प्रेसर आणि पंख्याला लागते, बाकीची उष्णता बाहेरच्या हवेतनं येते, म्हणून एका युनिटला तीन युनिट उष्णता मिळते, उन्हाळ्यात जास्तच, थंडीच्या रात्री कमी. तुमच्या 93 युनिटला वीज लागेल 31 ते 35. व्यावसायिक दर 15 रुपये धरला तर पाचशेच्या आसपास, आणि पाइप-टाकीला नीट लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं आवरण) केलेल्या डिझेल बॉयलरला सुद्धा 90 रुपये लिटरनं बाराशे. दर तुमच्या बिलावरचा घालून परत मांडा. मेव्हण्यांना एवढंच सांगा की गीझरला 93 च्या 93 युनिट विकतच घ्यायला लागतात, म्हणजे चौदाशे, डिझेलपेक्षा महाग! शिवाय सकाळी सातला 14 गीझर एकदम चालू झाले तर 2 किलोवॅटचा एक धरून 28 किलोवॅट, महावितरणकडं मंजूर भार किती आहे तेवढा बघा आणि मग बोला.

थंडीचं म्हणाल तर महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ पहाटे दव गोठतं हे खरंय, पण मशीन पहाटे पळवायचीच कशाला? सकाळी आंघोळी उरकल्या की दहाला चालू करा आणि दुपारच्या उबदार हवेत टाकी भरून घ्या. टीओडी मीटर (वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा) असेल तर दिवसाच्या युनिटला काही सवलत मिळते का तेही बिलावर बघा. पहाटे चालवायची वेळ आलीच तर हवेतली उष्णता ओढणाऱ्या कॉइलवर बर्फ धरतो, मशीन मधेच थांबून तो वितळवते, त्याला डिफ्रॉस्ट म्हणतात, बिघाड समजून फोन करू नका.

म्हणून माझ्या मते मशीनपेक्षा टाकीवर जास्त डोकं लावा. हीट पंप हळू तापवतो, बॉयलरसारखं तासाभरात उरकत नाही. 10 किलोवॅट उष्णता देणारी मशीन तुमचं पाणी नऊ-दहा तासात तापवेल, तेवढं पुरे, फक्त 1000-1000 लिटरच्या दोन चांगल्या पफ (फोमच्या) इन्सुलेशनच्या टाक्या पाहिजेत. विकणारा मोठी मशीन आणि छोटी टाकी गळ्यात मारायला बघेल, ऐकू नका. कॅटलॉगमधला आकडा उबदार हवेचा असतो, बाहेरची हवा 7 डिग्री असताना मशीन किती उष्णता देते ते लेखी मागा. टाकीत इलेक्ट्रिक हीटर बॅकअपला असू दे, आणि आठवड्यातनं एकदा पाणी 60 च्या वर न्यायचं, कोमट साठवलेल्या पाण्यात लीजनेला नावाचे जंतू वाढतात. मशीन बॉयलरच्या बंद खोलीत अजिबात नको, ती गार हवा बाहेर टाकते आणि तीच परत ओढत बसली तर झालंच. उघड्यावर, वर छप्पर, आणि गेस्टच्या खिडकीखाली नको, पंख्याचा आवाज असतो.

सोलर? जून ते सप्टेंबर तुमच्याकडं ऊन बघायला मिळत नाही. बाकी आठ महिने चांगलं चालतं, तेव्हा जागा असेल तर सोलरचं पाणी हीट पंपच्या टाकीत सोडा, नुसत्या सोलरवर लॉज चालवू नका. गॅस हा मधला पर्याय, 1000 लिटरला सव्वाचार-साडेचार किलो जाईल, वास नाही धूर नाही, पण सिलिंडरचा दर महिन्याला हलतो. लाकडाचं नावही नको, 2001 पासून तुमचा भाग इको सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे झाडतोडीवर निर्बंध.

जुना बॉयलर पहिली थंडी जाईपर्यंत भंगारात देऊ नका, व्हॉल्व्ह टाकून बाजूला राहू दे.

प्रश्न : सांगलीत नदीकडच्या भागात आमचं मुलींचं हॉस्टेल आहे. बोअरचं पाणी आहे. हीट पंप खाली पार्किंगमध्ये बसवतो म्हणतायत, बसवू का?

उत्तर : 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45. पार्किंगमध्ये काय उरलं असतं ते तुम्हीच सांगा. गच्चीवर बसवा, कंट्रोल पॅनल पण वरच. सांगलीत ऊन भरपूर, गच्ची मोकळी असेल तर आधी सोलर आणि ढगाळ दिवसांना छोटा हीट पंप, स्वस्त पडेल. बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतात, तेव्हा पाणी मऊ करायचा सॉफ्टनर आधी, किंवा निदान हीट एक्स्चेंजर (मशीनमधली उष्णता पाण्याला देणारा भाग) वर्षातनं एकदा ॲसिडनं धुवून द्यायचं काम करारात लिहून घ्या. 60 च्या खालीच ठेवलं तर क्षार कमी धरतात, फक्त जंतू मारायला 60 च्या वर न्यायचा आठवड्यातला तो एक दिवस सोडून.