डेटा सेंटर मुंबईत होणार, मग विदर्भातल्या जमिनीला त्याची झळ कशी बसेल?

सेंटर मुंबईत असलं तरी त्याची वीज कुठल्यातरी शिवारातूनच जाणार. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला, घरी चार गवळाऊ गाई. त्यामुळे हिशेब एकरातच मांडतो.

१०० मेगावॅटचं सेंटर पूर्ण भारानं चाललं तर दिवसाला २४ लाख युनिट खाणार. एक मेगावॅट सोलर दिवसाला साधारण चार हजार युनिट देतं आणि चारेक एकर अडवतं. म्हणजे ६०० मेगावॅट, चोवीसशे एकर! शिवाय सेंटरला रात्र नसते. दिवस मावळला की बॅटरी, नाहीतर कोळसा. ताडोबाजवळचा बंदर कोळसा पट्टा २०२० मध्ये लिलावाच्या यादीत आला होता. वाघांच्या वाटेवर आहे म्हणून ओरड झाली तेव्हा वगळला. विजेची मागणी अशीच फुगली तर तो पुन्हा यादीत येणार नाही, असं मी तरी छातीठोक सांगणार नाही.

पण मला जास्त घोर आहे तो ई-क्लासचा, म्हणजे गावची ढोरं चरतात त्या सरकारी जमिनीचा. पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल ही वनजमीनच, असं सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये सांगितलं. ई-क्लासला तेवढं कवच नाही, कागदावर ती पडीक.

गेल्या साली आमच्या ई-क्लासवर सोलरसाठी जागा पाहायला माणसं आली. (ते कृषिपंपांसाठी होतं, डेटा सेंटरसाठी नव्हे. अन् दिवसा ओलिताला वीज मलाही पाहिजेच.) मोबाइलवरचा नकाशा बघत साहेब म्हणाले, "इथं तर काहीच नाही." तेव्हा आमचा ढोरकी पन्नास-साठ ढोरं घेऊन त्यांच्या गाडीमागूनच चालला होता. पोळ्याच्या सुमारास तिथं पवन्या गवत गुडघ्याला लागतं. उन्हाळ्यात टिटवी गोट्यांतच अंडी घालते. पाय पडायची वेळ येते तरी दिसत नाहीत.

तिथं तारेचं कुंपण पडलं की ढोरं बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाकडे वळणार. मग पेपरात येईल, 'वाघाने गाय मारली'. कुंपणाचं नाव त्या बातमीत नसेल.

आमच्या ग्रामसभेनं ठराव घेतला: अर्धी जागा घ्या, पण आखरापासून (गावची ढोरं जमतात ती जागा) नाल्याच्या पाण्यापर्यंतची वाट मोकळी सोडा. ठरावाची पोच मिळाली, उत्तर नाही.