रूढ उपचार सुटतो कसा?

प्रश्न : झिजलेल्या गुडघ्याचा सांधा दुर्बिणीतून धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया पूर्वी सर्रास होत असे, आता डॉक्टर ती नको म्हणतात. असा रूढ उपचार सोडायचे ठरते कसे?

उत्तर : २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १८० रुग्णांवरील चाचणीत काहींच्या गुडघ्यावर केवळ वरवरचे छेद घेतले होते, आणि दोन वर्षांनंतरही त्यांच्या वेदना खरी शस्त्रक्रिया झालेल्यांइतक्याच होत्या. पुढील अभ्यासांतून असा पुरावा पक्का झाल्यावर डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना बदलतात. सवय मात्र चिवट असते, कारण शस्त्रक्रियेनंतर बरे वाटलेले रुग्ण डॉक्टरांनी स्वतः पाहिलेले असतात (त्यांतले काही एरवीही सुधारले असते), शिवाय ‘काहीच केले नाही’ हा ठपका कोणालाच नको असतो. त्यामुळे, माझ्या मते, नुसत्या मनाईपेक्षा व्यायाम किंवा वजन घटवणे असा पर्याय हाताशी असला, तर जुना उपचार लवकर सुटतो.