शनिवारची दिवाळी आणि आज्जीचा अबोला

पत्र, थोडक्यात: "मावशी, माझं माहेर-सासर दोन्ही बेळगावचं. सहा वर्षं झाली, आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. दिवाळीला इथे सुट्टी नसते, म्हणून आम्ही मराठी कुटुंबं पुढच्या शनिवारी हॉल घेतो, फराळ मांडतो, गाणी म्हणतो. गेल्या वर्षी आठ वर्षांच्या लेकानं फोनवर सांगितलं, 'आज्जी, आमची दिवाळी शनिवारी असते.' सासूबाई म्हणाल्या, 'मग ती दिवाळी कसली रे? वाढदिवस झाला की!' तेव्हापासून त्या सणाचा विषयच काढत नाहीत. आणि खरं सांगू, मलाही त्या हॉलमध्ये नाटक केल्यासारखं वाटतं. बंद करावं का सगळं?"

बाळ,

बंद करू नकोस. आणि सासूबाई रागावल्यात असंही समजू नकोस, त्या धास्तावल्यात. नातवाच्या तोंडून 'आमची दिवाळी' ऐकलं आणि त्यात आपण कुठेच नाही, हे त्यांना एका वाक्यात कळलं.

शनिवारचं म्हणशील, तर बेळगावकरांनी तरी त्याला नावं ठेवू नयेत. आपण शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला करतो. गडावरून शिवज्योत घेऊन पोरं धावत गावात येतात, गल्लोगल्ली पूजा होते. आणि चित्ररथांची मिरवणूक? ती एक-दोन दिवसांनी निघते. लेकरांना खांद्यावर घेऊन आपण रात्रभर रस्त्याकडेला उभे राहतो, तेव्हा जयंती शिळी झाली असं कुणाच्या मनातही येत नाही. तुमचा हॉल म्हणजे ती मिरवणूक समज. ती सवडीनंच निघणार.

पण तुझ्या पत्रात हॉल दोनदा आलाय आणि घर एकदाही नाही. नाटक वाटतंय ते त्यामुळे. मिरवणूक आहे, आदली पूजा नाही.

म्हणून नरकचतुर्दशीची आंघोळ त्याच दिवशी, घरात कर. यात तुझं भाग्य बघ: आपल्याकडे सहा-साडेसहाला उजाडतं, तुमच्याकडे त्या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो. पोराला सहाला उठवलंस तरी उजाडायच्या आत आंघोळ होते आणि शाळाही चुकत नाही. तेल कोमट कर, पाट नसेल तर जाड टॉवेलाची घडी घाल, उटणं लाव, ओवाळ. तुमची घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली असतील तर तेव्हा इकडे साडेदहा वाजलेले असतात, सासूबाई कामातून मोकळ्या. फोन समोर ठेव आणि ओवाळताना काय म्हणायचं ते त्यांना म्हणू दे. फराळाचे फोटो पाठवतेस ना, ते त्या नुसत्या बघतात. त्यांना काम दे.

आता लेकाचं. आठ वर्षांच्या पोराला हॉलमधल्या भाषणातून दिवाळी कळत नाही, ती हाताला चिकटावी लागते. त्याला किल्ला करायला लाव. आमच्या अंगणात वडील गोणपाट चिखलात बुचकळून दगडांवर पसरायचे, वरून तांबडी माती थापायची, बुरुजाला दोन विटा, पायथ्याशी मावळे. हातापायांना लागलेली ती माती दोन दिवस जायची नाही. येळ्ळूरचा राजहंसगड जवळ, म्हणून आम्ही दरवर्षी तोच करायचो. तुझ्याकडे बाल्कनी असेलच. कुंडीची माती, खोक्याचे पुठ्ठे, एखादी जुनी गोधडी, बास. बुरूज कुठे, दरवाजा कुठे, हे आजोबांना फोनवर विचारू दे. बेळगावात वाढलेला माणूस किल्ल्याच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहायचा नाही.

किल्ल्यावर पेरायला अहळीव लागेल, त्यासाठी इकडून पार्सल मागवू नकोस. जर्मनीत बागसामानाच्या दुकानात 'क्रेसं' नावाचं बी मिळतं, तेच आपलं अहळीव. तिथली मुलं ईस्टरच्या सुमारास तेच पेरतात. तुझ्या पोराच्या वर्गातल्या मित्रांना ते माहीत असेल. त्यातल्या दोघांना किल्ला बघायला बोलाव.

फटाक्यांचा हट्ट मात्र धरू नकोस. तिकडे ते परवानगीशिवाय 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीलाच उडवता येतात. फुलबाज्या वर्षभर चालतात, त्या पुरेत.

शेजाऱ्यांना ताट दे. आपण सीमेवरची माणसं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. माझ्या भिंतीला भिंत लागून कन्नड कुटुंब राहतं. त्यांच्या घरून होळिगे, म्हणजे पुरणपोळी, येते, माझ्या करंज्या जातात. गेली कित्येक वर्षं ते ताट रिकामं परत आलेलं नाही. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर बाहेर काय वाद व्हायचे ते होवोत.

सासूबाईंना काय सांगायचं? सणाच्या महिनाभर आधी एक फोन कर, नवऱ्याला बाजूला न बसवता, तू एकटी. त्यांना सांग की हॉलमध्ये मलाही परकं वाटतं. सुना हे सासूला सांगत नाहीत, सगळं छान चाललंय असंच सांगतात, आणि तिथेच अंतर पडतं. मग चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचार. येत असलं तरी विचार. हा खोटेपणा नाही, त्यांच्या हातचं प्रमाण तुझ्या वहीत नाही, हे खरंच आहे.

अहळीव किल्ल्यावर टाकायच्या आधी रात्रभर भिजव आणि वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेर. थंडीत बाल्कनीत ते हळू उगवतं. पहिले दोन-तीन दिवस किल्ला खिडकीच्या आत ठेवलास तर दिवाळीपर्यंत हिरवा होईल.

तुझी,
मावशी