केळीच्या बागेत वागवायचा चाकू : मोठा की लहान, साधा की लाकडी?

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. यंदा मला साठ वर्षे पूर्ण होत असल्यामुळे अमेरिकेत नोकरीला असलेला माझा पुतण्या दिवाळीला घरी येताना माझ्यासाठी ‘सेबेंझा’ नावाचा घडीचा चाकू भेट म्हणून आणणार आहे. मी आजवर आठवडी बाजारातलेच चाकू वापरत आलो. ‘काका, कोणता आणू?’ असे त्याने फोनवर विचारले आणि पुढे जी यादी वाचून दाखवली, ती ऐकून मला काहीच ठरवता आले नाही. आकार दोन, पात्याचे घाट दोन, मूठ नुसत्या टायटॅनियमची किंवा तीत लाकूड अथवा मायकार्टा बसवलेली, पोलाद दोन तऱ्हांचे, शिवाय जुना 21 क्रमांकाचा घ्यायचा की नवा 31 हा वेगळाच प्रश्न. ठिबकच्या नळ्या कापणे, सुतळी आणि घडांवरच्या पिशव्यांच्या दोऱ्या कापणे, बोरीवर कलमाचे डोळे भरणे आणि बांधावर बसून कैरी किंवा पेरू चिरणे एवढेच माझे काम असते. अंगात नेहरू शर्ट आणि पायजमा असतो. यांतला कोणता चाकू मला योग्य ठरेल, आणि इतक्या किमतीची वस्तू शेतात न्यावी का?
— एक वाचक, रावेर तालुका, जि. जळगाव

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची निवड त्यावरच अवलंबून आहे. हा चाकू शेतात न्यावा, आणि रोज न्यावा. ‘सेबेंझा’ हा झुलू भाषेतला शब्द असून त्याचा अर्थच ‘काम करणे’ असा आहे. ख्रिस रीव्ह यांनी 1987 साली दक्षिण आफ्रिकेत या चाकूचा पहिला नमुना घडवला आणि 1989 मध्ये ते अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या बॉइझी या गावी स्थायिक झाले. चाकूची किंमत 400 डॉलरच्या पुढेच सुरू होते, त्यामुळे तो जपून ठेवावा असे वाटणे साहजिक आहे. परंतु त्याची सगळी रचना वारंवार खोलून, पुसून, पुन्हा जोडून वर्षानुवर्षे वापरण्यासाठी केलेली आहे, आणि कपाटात ठेवल्यास त्या रचनेसाठी मोजलेले पैसे वाया जातात.

माझे मत असे की पुतण्याला लहान आकाराचा, 31 क्रमांकाचा, नुसत्या टायटॅनियमच्या मुठीचा आणि ‘इन्सिंगो’ घाटाच्या पात्याचा चाकू आणायला सांगावे. यांपैकी आकाराबद्दल मी सर्वांत ठाम आहे.

मोठ्या चाकूचे पाते सुमारे 92 मिलिमीटर लांब आणि वजन सुमारे 133 ग्रॅम असते. लहान चाकूचे पाते सुमारे 76 मिलिमीटर आणि वजन 85 ग्रॅमच्या आसपास भरते. छायाचित्रात पाहताना मोठाच डोळ्यांत भरतो, आणि शेतकऱ्याचा पंजा मोठा म्हणून मोठा चाकू, असा सल्ला अनेक जण देतील. मात्र ज्यांनी तो सल्ला दिला ते बहुधा जाड कापडाची पँट घालणारे असतात. चाकूची क्लिप जाड कापडाच्या काठाला घट्ट धरते. पायजम्याच्या पातळ सुती खिशाला ती धरत नाही, चाकू खिशाच्या तळाशी जाऊन आडवा पडतो आणि वाकताना, बसताना, मोटारसायकलवर टांग टाकताना मांडीवर आपटत राहतो. अशा खिशात 85 आणि 133 ग्रॅममधला फरक दुपारपर्यंत स्पष्ट जाणवतो. आपला विश्वास बसत नसेल, तर दिवाळीपर्यंत वेळ आहे. कडुनिंबाच्या लाकडाचे दोन तुकडे घ्यावेत, एक 10 आणि दुसरा 12 सेंटिमीटर लांबीचा, कारण घडी केल्यावर या चाकूंची लांबी साधारण तेवढीच असते. प्रत्येकाला वाळूची लहान पुरचुंडी बांधून वाण्याच्या काट्यावर त्यांचे वजन अनुक्रमे 85 आणि 133 ग्रॅम जुळवावे आणि एकेक आठवडा खिशात वागवावे. संध्याकाळी घरी आल्यावर कोणता तुकडा आपण खिशातच विसरलेला असतो आणि कोणता काढून ओट्यावर ठेवावासा वाटतो, एवढे पाहिले की निर्णय आपोआप होईल. आपल्या कामांमध्ये 76 मिलिमीटरला न पेलणारे काम मला एकही दिसत नाही. घड उतरवायचे आणि पिले काढायचे काम विळ्या-कोयत्याचेच आहे आणि ते मोठ्या सेबेंझानेही करू नये.

आता 21 की 31. जुना 21 हा 2008 साली निघाला आणि 2019 च्या अखेरीस त्याची जागा 31 ने घेतली. दोन्हींत पाते उघडे राहण्यासाठी एकच युक्ती आहे : मुठीच्याच एका बाजूची पट्टी चिरून मोकळी केलेली असते, पाते उघडताच ती आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून त्याला मिटू देत नाही. ही रचना ख्रिस रीव्ह यांनीच प्रचारात आणली. 21 मध्ये टायटॅनियमची ही पट्टी थेट पोलादाला भिडते. टायटॅनियम हा पोलादावर चिकटून बसण्याची खोड असलेला धातू असल्यामुळे पट्टीचा टेकणारा भाग ज्योतीने तापवून कडक केलेला असतो. 31 मध्ये त्या जागी सिरॅमिकची एक बारीक गोळी बसवली आहे. ती पोलादाहूनही कठीण असल्याने झिजत नाही आणि चिकटतही नाही. गेली आठ वर्षे मी स्वतः लहान 21 वापरतो आहे आणि त्याबद्दल माझी मोठी तक्रार नाही, तरी घामाने ओल्या झालेल्या अंगठ्याने पट्टी सोडवताना ती कधी कधी अडते, हे मान्य केले पाहिजे. शिवाय 31 ची क्लिप तिरकी बसवलेली असल्यामुळे तिचे टोक त्या पट्टीवर दाब देत नाही. जुना चाकू कोणी स्वस्तात देत असेल तरी तो दूरच्या माणसाकडून घेऊ नये, कारण या चाकूचा नकली माल फार सुटलेला आहे आणि तो वरवर पाहून ओळखणे कठीण असते. पुतण्याने अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.

केळीच्या बागेत चाकूचा खरा शत्रू गंज नसून चीक आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. देठ कापताच पाण्यासारखा दिसणारा हा चीक हवेत तपकिरी आणि मग काळा होत जातो. तो सदऱ्यावर पडला की सदरा कायमचा शेतातलाच होतो. चाकूच्या सांध्यात शिरला की तो तिथे सुकतो, वर आपल्या काळ्या जमिनीची बारीक धूळ धरतो, आणि तीन-चार दिवसांत पाते जड चालू लागते. साध्या घडीच्या चाकूचा सांधा रिव्हेटने कायमचा ठोकलेला असतो, त्यामुळे आत साचलेली घाण काढता येत नाही. सेबेंझा मात्र सोबत मिळणाऱ्या षटकोनी किल्लीने मालकाने स्वतः खोलावा अशीच कारखान्याची अपेक्षा असते. त्याच्या खिळीभोवती एक बुश, म्हणजे बारीक नळीसारखा तुकडा, असते आणि तिची लांबी इतकी काटेकोर राखलेली असते की स्क्रू पूर्ण आवळला तरी पाते आवळले जात नाही. म्हणजे पुन्हा जोडताना ‘किती आवळू’ हा प्रश्नच पडत नाही. याच कारखान्याच्या ‘इन्कोसी’ या दुसऱ्या चाकूत अशी बुश नाही, तिथे ताण हाताने जुळवावा लागतो, म्हणून पुतण्याने त्याचे नाव सुचवले तर आपण नको म्हणावे. चाकू खोलण्याचे काम घरी, दिव्याखाली, पांढऱ्या कापडावर करावे. आतले फॉस्फर ब्राँझचे वॉशर लहान आणि पातळ असतात, आणि बांधावर त्यातला एक पडला तर काळ्या मातीत तो पुन्हा सापडणार नाही. सुकलेला चीक आधी खाण्याच्या तेलाने चोळून सैल करावा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि सोबत आलेल्या ग्रीसचा अगदी थोडा हात द्यावा. ताजा चीक तर तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसला तरी पुरते.

या चिकामुळेच मी मुठीत लाकूड बसवलेला चाकू सुचवत नाही. तो दिसायला सुंदर असतो यात शंका नाही. मात्र आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि लगेच पुढच्या महिन्यात हवा ओलीचिंब होते. लाकूड या दोन्हींना आपापल्या परीने प्रतिसाद देते. मायकार्टा म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेला पत्रा. तो आकसत-फुगत नाही, पण तेल आणि डाग धरतो, त्यामुळे केळीच्या चिकाने तो वर्षभरात काळवंडेल. नुसत्या टायटॅनियमवर ओरखडे फार लवकर उठतात आणि पहिला ओरखडा पाहून आपल्याला वाईट वाटेल. भांडी घासायच्या घासणीने हलकेच घासले की ते बरेचसे मिसळून जातात.

पात्याच्या घाटाबद्दल माझे मन थोडे दोलायमान होते. नेहमीचा ‘ड्रॉप पॉइंट’ म्हणजे पाठ टोकाकडे उतरती आणि धारेला चांगले पोट असलेले पाते. फळे सोलायला, चिरायला तो अधिक बरा. ‘इन्सिंगो’ हा झुलूत वस्तऱ्याचा शब्द आहे आणि या पात्याची धार जवळजवळ सरळ, किंचित वळलेली असते. आपण नळी आणि सुतळी कापण्याचा उल्लेख सर्वांत आधी केला, म्हणून माझे पारडे इन्सिंगोकडे झुकले. 16 मिलिमीटरची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, जोडणीसाठी कापताना काप काटकोनात आणि एका ओढीत व्हावा लागतो, नाहीतर जोडाशी पाणी गळते. तिथे सरळ धार नळीवरून घसरत नाही. शिवाय सपाट पट्टीवर धार लावायलाही तिला कमी कसब लागते.

बोरीवर डोळे भरण्यासाठी मात्र आपला जुना कलमाचा चाकूच ठेवावा. कलमाच्या चाकूला सहसा एकाच बाजूने धार असते, म्हणून काप सपाट येतो आणि डोळा सालीखाली नीट बसतो. सेबेंझाची धार दोन्ही बाजूंनी असते. तो कितीही तीक्ष्ण असला तरी या कामात साध्या कलमाच्या चाकूची बरोबरी करणार नाही.

पोलादावर मी फार वेळ घालवणार नाही, आपणही घालवू नये. 31 मध्ये एस45व्हीएन किंवा मॅग्नाकट मिळते. मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने रचलेले पोलाद 2021 मध्ये आले. त्यात क्रोमियम कमी असूनही ते कार्बाइडमध्ये, म्हणजे पोलादातल्या कठीण कणांत, अडकून न पडता गंज रोखण्यासाठी मोकळे राहते, आणि पोलाद चिवटही असते. दोन्ही मिळत असतील तर मॅग्नाकट घ्यावे. एस45व्हीएनच मिळाले तरी कैरी आणि लिंबाच्या आंबटपणाने त्याचे काही बिघडणार नाही.

धारेविषयी मात्र कळकळीने सांगतो. सायकलवर दगडी चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे हा चाकू कधीही देऊ नये. माझा एक चांगला चाकू मी असा दिला होता. ठिणग्या उडताना मी शेजारीच उभा होतो आणि परत मिळाला तेव्हा टोकाजवळ धारेवर निळसर पट्टा उमटलेला होता. पोलाद तापून निळे पडले की तेवढ्या भागाचा कडकपणा गेलेला असतो, आणि तो भाग दोन सुतळ्या कापताच बोथट होत असे. या पोलादांत व्हॅनेडियम कार्बाइडचे कण असतात आणि ते नेहमीच्या धारेच्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असतात, म्हणून हिऱ्याच्या कणांची बारीक पट्टी वापरावी. पुतण्याला चाकूबरोबर तीही आणायला सांगावी. आठवड्यातून एकदा चामड्याच्या पट्ट्यावर पाते धार मागे ठेवून, पाठीच्या दिशेने ओढत राहिल्यास पट्टीची गरज क्वचितच पडेल.

विमानात चाकू हातातल्या सामानात चालत नाही. तो आत जमा करायच्या बॅगेत ठेवावा आणि पावती सोबत असू द्यावी. शस्त्र नियमांत ज्या पात्यांचा विचार केला आहे ती 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असतात, आणि त्यातूनही घरगुती व शेतीच्या कामाची अवजारे वगळलेली आहेत. हे पाते 3 इंचांचे आहे. तरीही सभेला, कचेरीत किंवा यात्रेच्या गर्दीत जाताना तो घरी ठेवलेला बरा.

प्रश्न : मी डावखुरी आहे. माझ्या यजमानांनी मला असाच चाकू घ्यायचे ठरवले आहे. डाव्या हाताने तो चालतो का?
— एक वाचक, शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : नेहमीचा चाकू डाव्या हाताने चालवता येतो, पण नीट नाही. पाते उघडण्याची अंगठ्याची खुंटी उजव्या हाताच्या सोयीने एकाच बाजूला असते. शिवाय उजव्या मुठीत बोटांचा दाब पाते रोखणाऱ्या पट्टीवर येऊन ती अधिक घट्ट होते, तो आधार डाव्या मुठीत मिळत नाही. कारखाना डावखुऱ्यांसाठी सगळी रचना उलट बाजूला केलेला चाकू वेगळा बनवतो. यजमानांनी मागणी नोंदवतानाच ‘डाव्या हाताचा’ असे स्पष्ट सांगावे, आणि तो येईपर्यंत थोडे थांबावे लागले तरी उजव्या हाताच्या चाकूवर तडजोड करू नये.