मागण्यांच्या पानावर मूल कुठे आहे?

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला डीव्हीचा, म्हणजे घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा, अर्ज वाचला. हकिकत नीट मांडली आहेस. मारहाणीच्या तारखा, दवाखान्याचे कागद, शेजारणीचं नाव, सगळं आहे. बापाचा आवाज चढला की थोरला धाकटीला घेऊन मोरीत जातो आणि आतून कडी लावतो, हेही आहे. पण मागण्यांच्या पानावर फक्त पोटगी, भाडं आणि नुकसानभरपाई. मुलं हकिकतीत आहेत, मागण्यांत नाहीत. जे मागितलंच नाही ते आदेशात कुठून येणार?

हे सर्रास होतं. जुना मसुदा उचलायचा, नावं बदलायची. शिवाय 2005 चा हा कायदा फक्त बाईचा, मुलांचं फॅमिली कोर्टात बघू, असा समज वकिलांतही आहे. कलम 18 पुन्हा वाच. संरक्षण आदेशात मुलाच्या शाळेत येण्यालाही मनाई करता येते, असं तिथे लिहिलंय. कलम 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. भेटीने मुलाला अपाय होईल असं कोर्टाला वाटलं, तर भेटही नाकारता येते. आणि कलम 19 खाली नवऱ्यालाच घराबाहेर काढण्याचा आदेश मागता येतो. मला ही मागणी फार मोलाची वाटते. आई माहेरी गेली की मुलांची शाळा वर्षाच्या मध्येच सुटते. मारणारा घरात आणि मार खाणारे बाहेर, हे आपण आधीच का मान्य करायचं? धोका आजचा असेल तर कलम 23 खाली शपथपत्र जोडून अंतरिम, गरज पडल्यास एकतर्फी आदेश माग.

शाळेचं पूर्ण नाव लिही, व्हॅन थांबते ती जागा लिही, शिकवणीचा पत्ता लिही. मागणी मोघम असली की आदेश मोघम निघतो, आणि मग ठाणे अंमलदार विचारतो, ‘यात शाळा कुठंय, ताई?’ मात्र आई मुलांना घेऊन नव्या ठिकाणी गेली असेल आणि नवऱ्याला ते ठाऊक नसेल, तर पत्ता अजिबात उघड करू नकोस. अर्जाची प्रत त्याच्याही हातात पडते.

आदेश झाला की खरं काम सुरू होतं. प्रत पक्षकारांना आणि पोलीस ठाण्याला मोफत मिळते, पण शाळेला कोर्ट आपणहून कळवेल या भरवशावर राहू नकोस. आईला घेऊन स्वतः जा, मुख्याध्यापकांना प्रत दे आणि आवक शिक्क्याची पोहोच घे. ‘वडीलच आहेत, त्यांना अडवायचं कसं?’ हा प्रश्न तिथे येणारच. आदेशातल्या त्या ओळीवर बोट ठेवून उत्तर दे. व्हॅनवाल्यालाही सांग. शाळेची बंदी कलम 18 खालीच मागायची, कारण संरक्षण आदेश मोडला तर कलम 31 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे.

थोरल्याशी बोलशील तेव्हा आईला थोडा वेळ बाहेर बसव. ‘आई हवी की बाबा?’ असं त्याला कधीही विचारू नकोस. रात्री कुठे झोपतोस, कुणाची भीती वाटते, शाळेतून येताना काय मनात येतं, एवढं विचार आणि त्याच्याच शब्दांत लिहून घे. त्याला एकही फटका बसलेला नसेल, तरी मोरीतली ती कडी हा पुरावाच आहे.

उलटंही सांगतो. बापाने मुलांना कधी त्रास दिलेला नसेल, तर केवळ पक्षकाराच्या रागापायी भेट बंद करायची मागणी घालू नकोस. देखरेखीखाली भेट सुचव.

आणि कधी आईच मारणारी निघते, किंवा नवऱ्याच्या धाकाने काहीच करू शकत नाही. तिथे हा अर्ज पुरत नाही. 1098 या बालमदत क्रमांकावर कळव. बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती म्हणजे मूल हिरावणारं खातं, असं लोकांना वाटतं. चौकशीनंतर देखरेख ठेवून मूल घरीच परत पाठवण्याचा आदेशही समिती देऊ शकते, हे त्यांना समजावून सांग.

आज या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेट. ते हिंसेची नोंद करतात त्या घरगुती घटना अहवालात दोन्ही मुलांची माहिती भरली आहे का, ते बघ. नसेल तर अर्ज दाखल करण्याआधी भरून घे.

तुझा,
काका