हाताला येतं, पण कागद नाही

(वाचकांचे प्रश्न : कौशल्य आणि शिक्षण. उत्तरं देताहेत आयटीआयमधले एक निवृत्त शिल्प निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारे मास्तर, फिटर ट्रेड)

या वेळी आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत. लिहिणारे वेगवेगळ्या गावांचे, पण बहुतेक पत्रांत ‘आता या वयात’ असा सूर आहेच.

प्रश्न : मी विट्याजवळ राहतो. वय ४३, शिक्षण सातवी. बावीस वर्षं मोटर रिवाइंडिंग आणि घरगुती वायरिंग करतोय. मागच्या महिन्यात एका शाळेच्या वायरिंगचं काम होतं. ठेकेदारानं सर्टिफिकेट मागितलं आणि काम माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोराला गेलं, कारण तो आयटीआय झालेला. ‘विश्वकर्मा योजनेत नाव घालून देतो, १५ हजारांची हत्यारं मिळतील’ म्हणून एकानं माझ्याकडून सातशे रुपये घेतले. या वयात मला काही कागद मिळेल का?

मिळेल. पण आधी ते सातशे रुपये परत मागा. पारंपरिक कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत : सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी, फुलांच्या माळा करणारे वगैरे. वायरमन किंवा मोटर रिवाइंडिंग त्या यादीत नाही. तुमचं नाव त्यात बसणारच नव्हतं. आणि ज्यांचं बसतं त्यांच्याकडूनही नोंदणीचे पैसे घ्यायचे नसतात.

तुमच्यासाठी वाट आहे ती आरपीएलची. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घ्यायची आणि त्याला मान्यता द्यायची, असा त्याचा अर्थ. मी नोकरीला लागलो तेव्हा वर्गात बसून शिकलेलं तेवढंच शिक्षण, बाकी सगळी नुसती मजुरी, असा हिशोब होता. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. माणूस कुठे शिकला यापेक्षा त्याला काय येतं हे मोजायचं, हे त्यात पहिल्यांदा कागदावर आलं. माझ्या उभ्या नोकरीत सरकारनं केलेल्या बदलांपैकी हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कारण मी वर्षानुवर्षं पाहिलंय, गॅरेजमधल्या आणि विहिरीवरच्या कितीतरी माणसांचा हात आमच्या पास झालेल्या पोरांपेक्षा सरस असायचा, आणि त्यांना विचारणारं कुणी नसायचं.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून आरपीएल होतं. वयाची मर्यादा १८ ते ५९, उमेदवाराला फी नाही. नोंदणी ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ या सरकारी पोर्टलवर होते. मोबाइलवर जमत नसेल तर जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात आधार कार्ड घेऊन जा आणि इलेक्ट्रिकल कामाची बॅच कुठे आहे ते विचारा. आधी थोड्या तासांचं मार्गदर्शन असतं, मग परीक्षा.

त्या परीक्षेबद्दल एक गोष्ट नीट ऐका. मुरलेल्या माणसाची दांडी तिथे कामात उडत नाही, बोलण्यात उडते. परीक्षक विचारतो, ‘आधी काय केलंत?’ आणि माणूस म्हणतो, ‘काय म्हणजे? जोडलं.’ हात आपोआप करतो ते तोंडानं सांगायची सवय नसते. म्हणून आजपासून काम करताना बोलत करा. मेन बंद केलं. टेस्टरनं पाहिलं. सप्लाय नाही याची खात्री केली. मग हात लावला. अर्थिंग कुठे दिलं, कुठल्या लोडला किती अँपिअरची एमसीबी आणि का, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) कधी लावायचा, शॉक लागलेल्या माणसाला आधी कसं सोडवायचं, हे सगळं महिनाभर रोज मोठ्यानं म्हणा. हाताखालच्या पोराला सांगतोय असं समजून म्हणा, म्हणजे संकोच वाटणार नाही.

आता हा कागद काय नाही, तेही सांगतो. तो आयटीआयचं प्रमाणपत्र नाही. ठेक्यानं वायरिंग घ्यायचा विद्युत परवानाही नाही, तो वेगळा असतो. शाळेसारख्या ठिकाणी लोक नेमकं तेच मागतात. तिथपर्यंत जायचं असेल तर वाट लांब आहे, पण बंद नाही. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळातून आठवीची परीक्षा देता येते. आयटीआयचा वायरमन ट्रेड आठवी पासवर मिळतो, दोन वर्षांचा आहे आणि प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये एका वर्षी छत्तिशीचा एक लोहार फिटरला आला होता. पहिला जॉब म्हणजे एमएसची (साध्या पोलादाची) प्लेट कानशीनं घासून काटकोनात आणायची. पोरं आठ-आठ दिवस घासतात. प्लेट ट्राय स्क्वेअरला, म्हणजे गुण्याला, लावून उजेडाकडे धरायची, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचं. यानं दुसऱ्या दिवशी दुपारी प्लेट आणून दिली. मी उजेडाकडे धरली, केसभरही फट नाही. पण दुसरा जॉब ड्रॉइंगवरून करायचा होता आणि तिथे तो थांबला. माप लिहिलंय, पुढे अधिक-उणेचं चिन्ह आणि शून्य पूर्णांक शून्य चार, म्हणजे माप तेवढंच इकडेतिकडे झालेलं चालेल. त्याला दशांशच वाचता येईना. मान खाली घालून म्हणाला, ‘सर, हे मला येणार नाही. जाऊ का घरी?’ रोज संध्याकाळी सुटल्यावर अर्धा तास, असे आम्ही तीन आठवडे बसलो. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) त्याच्या हातात द्यायचो, माप घ्यायला लावायचो, तेच माप वहीत लिहायला लावायचो. आकडा आधी बोटांना कळला, मग डोळ्यांना. तो पास झाला. अडला होता तो वाचण्यापाशी, आणि वाचणं कुठल्याही वयात शिकता येतं. तुम्ही तर सातवी आहात.

प्रश्न : मी कंधार तालुक्यातली, बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रौढांना साक्षर करायच्या सरकारी उल्लास कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून माझ्या आजीला (वय ६१) आणि शेजारच्या दोघींना शिकवते. शेजारणी येतात, पण आजी म्हणते, ‘आता शिकून काय चुलीत घालू?’ परीक्षेचं नाव काढलं की उठून जाते. काय करू?

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

आधी परीक्षेची भीती घालवू. एकूण १५० गुण : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येकात ३३ टक्के मिळाले की झालं. पेपर तीन तासांचा आणि गावातल्याच शाळेत. महाराष्ट्रात ही परीक्षा पहिल्यांदा १७ मार्च २०२४ला झाली. नापास झालं तर पुढच्या खेपेला पुन्हा बसता येतं, आजीला हे आधी सांग.

पण तिची खरी अडचण परीक्षा नाही. शिकून काय करायचं, हे तिला दिसत नाहीये.

मी सातारा जिल्ह्यातला, पाटण तालुक्यातला. १९५९ साली आमच्या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग राज्यभर पसरली. गावोगावी देवळात, चावडीवर कंदील लावून बायामाणसं शिकायला बसायची. सगळं गाव शिकलं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. माझी आई त्या कंदिलाच्या उजेडात शिकली, मी तेव्हा तिच्या मांडीवर. पुढे मोहीम संपली. वाचायला काही उरलं नाही म्हणून तिच्याबरोबरच्या कितीतरी बायका अक्षरं विसरून गेल्या. आई विसरली नाही, कारण वडील मुंबईला गिरणीत होते आणि महिन्याला त्यांचं कार्ड यायचं. आधी ते पोस्टमन वाचून दाखवायचा, उंबऱ्यात उभा राहून, शेजारीपाजारी ऐकत. वाचता यायला लागल्यावर आई कार्ड पदराखाली घेऊन चुलीपाशी जायची आणि एकटी वाचायची. ‘तुझ्या बापानं काय लिहिलंय ते गावाला कशाला कळायला पाहिजे?’ असं ती मला पुढे म्हणायची. तिच्यासाठी साक्षरता म्हणजे एवढंच होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

तर तुझ्या आजीचं ते कार्ड कुठलं, हे शोध. तू लिहिलंयस की लाडकी बहीणचे १५०० रुपये जमा झाल्याचा मेसेज ती तुझ्याकडून नाहीतर दुकानदाराकडून वाचून घेते. मग प्रवेशिकेचं पुस्तक चार दिवस बाजूला ठेव आणि तिथून सुरुवात कर. तिच्या खात्याचे शेवटचे चार आकडे, जमा झालेली रक्कम, शिल्लक. मराठी आकडे शिकवतेस तसे इंग्रजीही शिकव, कारण बँकेचा मेसेज, एसटीचं तिकीट, विजेचं बिल, सगळीकडे तिला तेच दिसणार आहेत. आपले पैसे आपण वाचले की ती स्वतःहून पुढचं पान उघडेल.

उल्लास कार्यक्रमाला मुदत आहे २०२२ ते २०२७. त्याचे पाच भाग आहेत : पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. ‘प्रौढ शिक्षण’ हा जुना शब्द काढून ‘सर्वांसाठी शिक्षण’ असं नाव दिलं, तेही चांगलंच झालं. पण मी फिरतो त्या गावांत पहिल्याच भागाची धावपळ दिसते. सर्वेक्षण, नोंदणी, परीक्षा, आकडा वर पाठवला. व्यवसाय कौशल्यांचा तिसरा भाग तिथे कुणी दाखवावा, मी स्वतः जाऊन बघेन. २०२३मध्ये शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला. अशैक्षणिक कामांनी शिक्षक आधीच पिचलेले आहेत, त्यांची बाजू मला पटते. पण मग सगळा भार तुझ्यासारख्या बिनमानधनाच्या पोरींवर येतो. परीक्षा झाल्यावर शेजारच्या दोघींना वाचायला काय मिळणार, हा प्रश्न तुझ्या केंद्रशाळेतल्या सरांना आत्ताच विचार. गावात वाचनालय असेल तर त्या दोघींना एकदा तरी हात धरून तिथे ने. आमच्या गावात ते कुणी केलं नाही.

प्रश्न : मुलगा यंदा फिटर ट्रेड पास झाला. त्याला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका कार्यालयात महिना ८,००० मिळताहेत आणि चाकणच्या एका कंपनीत अप्रेंटिसशिपला ७,००० देतो म्हणतात. मुलगा म्हणतो हजार रुपये जास्त आणि घराजवळ. मला कळत नाही. (एक वडील, राजगुरुनगर)

चाकणला पाठवा.

युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ची. बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. आधी सहा महिन्यांची होती, मग अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. बारावी किंवा पदवी करून घरी बसलेल्याला तिचा उपयोग आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण फिटर झालेला पोरगा कार्यालयात बसून काय करणार? आवक-जावक नोंदवणार. वर्षभर कानस हातात नाही, मशीन नाही. दोन वर्षांत आलेला हात सहा महिन्यांत जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अप्रेंटिसशिपमागे १९६१चा कायदा आहे. २०१९च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं आणि आयटीआयवाल्याचं किमान विद्यावेतन ७,००० ठरलं. वर्ष पुरं करून परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेत रेल्वेकडेच अप्रेंटिसशिप केलेल्यांना लेव्हल १च्या (सुरुवातीच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, यावरून त्या कागदाचं वजन ओळखा. मात्र रुजू होताना दोन गोष्टी पाहा. करार सरकारी पोर्टलवर नोंदलाय का, आणि त्यात ट्रेड ‘फिटर’च लिहिलाय का. करार न नोंदता ‘ट्रेनी’ म्हणून राबवून घेतात आणि वर्षाअखेरीस पोराच्या हातात काही पडत नाही. माझ्या बॅचच्या दोघांचं असं झालंय. कंपनीत रोज ऑपरेटरशेजारी उभं राहायचं, डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारं घड्याळासारखं मापक) कसा लावतात ते बघायचं, वहीत लिहायचं. हजार रुपयांचं पुढे बघता येईल.

प्रश्न : वय ३८, शाळा तिसरीपर्यंत. ब्लाउज शिवते. शिवण नीट शिकायचं आहे, पण दहावी मागतात. (एक भगिनी, चिपळूण)

ताई, जन शिक्षण संस्थानात दहावी मागत नाहीत. १९६७ साली मुंबईत वरळीला पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, त्याचंच हे आजचं रूप. वय १५ ते ४५, अक्षरओळख नसलेल्यांनाही प्रवेश. २०१८पासून ही संस्थानं कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. आणि ‘शिंपी’ विश्वकर्माच्या अठरा व्यवसायांत आहे : पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,०००चं व्हाउचर, नंतर हवं असेल तर पाच टक्क्यांनी कर्ज. नोंदणी गावातल्या सीएससी केंद्रावर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रावर. घरातल्या एकाच माणसाला लाभ मिळतो, तेव्हा आधी कुणी नाव घातलंय का ते विचारा. जाताना शिवलेला एक ब्लाउज बरोबर घेऊन जा.